भुईतला बेडूक आणि आप्ताचा शब्द



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बेडकांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. पण कोरड्या मुलखात स्वतःला जमिनीत पुरून घेऊन जगणारे जे बेडूक आहेत, त्यांच्याविषयी माणसाला काय कळलं, कधी कळलं, कोणाकडून कळलं आणि कोणाचं ऐकलं गेलं, हा इतिहास आम्हांला आमच्याच विषयातला वाटतो. ज्ञान कशाला म्हणायचं आणि ते कोणाचं मानायचं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. आज तो आपण बेडकाच्या निमित्तानं बघू.

सुरुवात गावापासून करतो. आमचं गाव माणदेशातलं, म्हणजे पर्जन्यछायेतलं. चैत्र-वैशाखात माणगंगेचं पात्र म्हणजे नुसती वाळू. विहिरींचे तळ दिसायचे. आणि मग मृगाचा पहिला पाऊस एखाद्या संध्याकाळी कोसळला, की त्याच रात्री बेडकांचा असा गजर सुरू व्हायचा की झोप लागायची नाही. शेकड्यांनी बेडूक, चांगले मोठे, पुरते वाढलेले. आदल्या दिवशी एकही नव्हता. मग हे आले कुठून?

आमच्याकडे सालानं असणारे एक गृहस्थ होते, आम्ही मुलं त्यांना आबा म्हणायचो. आबांना अक्षरओळख नव्हती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ते कुठनं येत न्हाईत. हितंच असत्यात, भुईत. नांगराला लागत्यात की कधी कधी." दुसऱ्या दिवशी आम्ही हे शाळेत सांगितलं. गुरुजी हसले. म्हणाले, जमिनीत हवा नाही, पाणी नाही, तिथं बेडूक जगेल कसा? बेडूक नदीतून आणि विहिरीतून येतात. सगळा वर्ग हसला, आणि खरं सांगायचं तर वर्गाबरोबर आम्हीही हसलो. नदी कोरडी होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आबांना हे सांगितलं, तर ते काहीच बोलले नाहीत. बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

हा प्रसंग बाजूला ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या पुराव्याकडे वळू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एकशेतिसरं सूक्त आहे, ते मंडूकसूक्त म्हणून ओळखलं जातं. वसिष्ठाच्या नावावर आहे. त्यात कवी काय म्हणतो त्याचा आशय सांगतो. वर्षभर व्रत पाळून पडून राहिलेल्या ब्राह्मणांसारखे हे बेडूक पर्जन्य येताच बोलू लागले. पुढे तो आणखी एक उपमा देतो. तळ्यात वाळक्या कातड्याच्या पखालीसारखा पडलेला हा बेडूक, त्याच्यावर आकाशातलं पाणी आलं, असं तो म्हणतो. एक बेडूक दुसऱ्याचं बोलणं गुरूमागून घोकणाऱ्या शिष्यासारखं उचलतो, असंही वर्णन त्यात येतं.

या सूक्तावर विद्वानांचा मोठा वाद झाला. मॅक्स म्युलरला यात ब्राह्मणांची थट्टा दिसली. पुढे ब्लूमफिल्डसारख्यांनी सांगितलं की थट्टा वगैरे काही नाही, हा पाऊस पाडण्यासाठीचा मंत्र आहे. आपल्या गावांतून पाऊस लांबला की धोंडी काढतात, काठीला किंवा मुसळाला बेडूक बांधून घरोघर पाणी मागत फिरतात, ते आठवलं तर ब्लूमफिल्डचं म्हणणं आपल्याला परकं वाटणार नाही. पण थट्टा की मंत्र या वादात एक साधी गोष्ट मागे पडली. कवीला ठाऊक आहे की बेडूक वर्षभर तिथंच होता. तो नव्यानं जन्मलेला नाही, कुठून आलेला नाही. तो पडून होता, आणि तळ्यातच पडून होता. हे ज्याला सुचलं त्यानं आटलेल्या तळ्याचा गाळ उकरलेला बेडूक कधीतरी पाहिला असला पाहिजे, किंवा पाहणाऱ्याचं ऐकलं असलं पाहिजे, असं आमचं मत आहे.

आता गंमत बघा. ज्ञान पुढेपुढेच जातं असा आपला समज असतो. पण त्यानंतर कित्येक शतकांनी सुश्रुतसंहिता येते. तिच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्राण्यांचे चार वर्ग आहेत. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. माणसं-जनावरं जरायुज, पक्षी आणि साप अंडज, कृमी-कीटक आणि मुंग्या स्वेदज. बेडूक कुठे? बेडूक उद्भिज्ज, म्हणजे जमीन फोडून वर येणारे. आणि त्यांच्या जोडीला इंद्रगोप. इंद्रगोप म्हणजे आपला मृगाचा किडा, तो लाल मखमली. उद्भिज्ज हा शब्द इतरत्र आपण वनस्पतींसाठी वापरतो. इथे तो बेडकाला लावला आहे.

यात चूक कुठे झाली ते नीट पाहण्यासारखं आहे. निरीक्षण अगदी बरोबर आहे. पहिला पाऊस, फुगलेली माती, ती फोडून वर येणारा किडा आणि वर येणारा बेडूक. दोन्ही एकाच दिवशी दिसतात. पण वर येणं म्हणजे जन्मणं असं धरलं गेलं. बेडूक अंड्यातून येतो हे कोणत्याही डबक्यात दिसत असताना, जमिनीतून येणारा बेडूक जमिनीतच उपजतो असं ठरलं.

अशी चूक करणारे आपण एकटे नव्हतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो, की सहा महिने जगून झाल्यावर बेडूक चिखलात विरघळून जातात आणि वसंतातल्या पाण्याबरोबर पुन्हा होते तसे जन्माला येतात. आणि हे विरघळणं कोणाच्या दृष्टीस पडत नाही, असंही तो सांगतो! कोणी पाहिलेलं नाही, तरी घडतं हे नक्की.

इथे आमच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगावीच लागते. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं आपल्याला कळतं, ते या प्रमाणानं. त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे, भूतलावर घट नाही. समोर जमीन आहे, उजेड आहे, डोळे ठीक आहेत, घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. पण यात एक अट आहे. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

प्लिनीची चूक नेमकी इथली आहे, आणि आमच्या गुरुजींचीही. त्यांनी भूतलावर पाहिलं. भूतलाखाली पाहिलं नाही. तिथे पाहायचं तर कुदळ हवी, आणि कुदळ ज्याच्या हातात असते तो ग्रंथ लिहीत नाही.

युरोपात कुदळीची नाही पण छिन्नीची गोष्ट एकोणिसाव्या शतकात घडली. तिकडे खाणकामगार अधूनमधून सांगत, की दगड फोडला तर आत जिवंत भेक निघाला. मग लोक म्हणू लागले, हा भेक तो दगड तयार झाल्यापासून, म्हणजे हजारो वर्षं, आत असणार. ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी हे तपासायचं ठरवलं. २६ नोव्हेंबर १८२५ रोजी त्यांनी चोवीस भेक घेतले. बारा सच्छिद्र चुनखडीच्या दगडात कोरलेल्या कोनाड्यांत आणि बारा घट्ट वालुकाश्मातल्या कोनाड्यांत ठेवले, वर काच बसवली, आणि तीन फूट मातीखाली पुरले. १० डिसेंबर १८२६ रोजी उकरले. वालुकाश्मातले सगळे मेलेले. चुनखडीतल्या मोठ्या भेकांपैकी बरेचसे जिवंत होते. त्यांना परत पुरलं, आणि दुसरं वर्ष संपायच्या आत तेही मेले.

प्रयोग क्रूर आहे, आज कोणी करू देणार नाही. निष्कर्ष मात्र मोलाचा निघाला. हजारो वर्षांची गोष्ट खोटी. पण जिथे थोडी हवा झिरपते तिथे अन्नाशिवाय वर्षभर तगून राहणं शक्य आहे. आमच्या गुरुजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या आधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ छापलेलं होतं. मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिच्यावर आणि कातडीतून होणाऱ्या श्वसनावर संथ पडलेल्या बेडकाचं भागतं.

आता ज्या ठिकाणी ही सगळी कथा टोकाला जाते तिथे जाऊ. मध्य ऑस्ट्रेलिया. आमचा माणदेश त्याच्यापुढे ओला म्हणावा लागेल. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी त्याचं नक्षत्र ठरलेलं असतं. तिकडे तेही नाही. एखादं वर्ष धो धो, आणि मग दोन-तीन वर्षं जवळजवळ काही नाही. नद्या नकाशावर असतात, पात्रात क्वचित. अशा ठिकाणी बेडूक आहेत, आणि भरपूर आहेत.

त्यांतला एक बेडूक १८७३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट ग्युंथर यांनी शास्त्राच्या नोंदीत आणला. संग्रहालयात आलेल्या नमुन्यावरून वर्णन केलं आणि नाव दिलं किरोलेप्टिस प्लॅटिसेफॅलस. पुढे वंशाचं नाव बदलत गेलं, सायक्लोराना झालं, अलीकडे रॅनॉयडिआ म्हणतात. प्लॅटिसेफॅलस तेवढं टिकलं. त्याचा अर्थ चपट्या डोक्याचा. टेबलावर ठेवलेल्या बेडकाचं डोकं दिसतं, म्हणून नाव डोक्यावरून. पण या प्राण्याचं खरं वैशिष्ट्य त्याच्या पोटात होतं, आणि ते ज्यांना माहीत होतं ते लंडनपासून हजारो मैल दूर होते.

१८९४ साली विल्यम ऑस्टिन हॉर्न या धनिकाच्या पैशातून एक वैज्ञानिक मोहीम उंटांवरून मध्य ऑस्ट्रेलियात गेली. तिच्यात मेलबर्न विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक बाल्डविन स्पेन्सर होते. मोहिमेचा चार खंडांचा अहवाल १८९६ मध्ये त्यांनीच संपादित केला. त्यात आणि पुढच्या लिखाणात स्पेन्सर सांगतात, की तिथल्या मूलनिवासी वाटाड्यानं त्यांना कोरड्या पडलेल्या, दगडासारख्या टणक झालेल्या चिकणमातीच्या खोलगट जागेत नेलं. खणलं. साधारण फूटभर खाली मातीत एक गुळगुळीत पोकळी होती आणि तिच्यात पाण्यानं फुगलेला बेडूक बसला होता. असा बेडूक उचलून पिळला की तोंडभर पिण्याजोगं पाणी मिळतं. आसपास मैलोगणती पाणी नसताना तिथली माणसं या पाण्यावर तगत.

वसिष्ठाच्या सूक्तातली पखाल आठवा. तिथे ती वाळलेली होती. इथे भरलेली आहे.

याचं शरीरशास्त्र थोडक्यात सांगतो. पाऊस पडतो तेव्हा हा बेडूक कातडीवाटे पाणी शोषून घेतो आणि मूत्राशयात साठवतो. हे मूत्र इतकं पातळ असतं की जवळजवळ पाणीच. जमीन वाळू लागली की मागच्या पायांनी माती सारत, मागे मागे सरकत तो खाली जातो. मग त्या साठ्यातलं पाणी शरीर हळूहळू परत घेतं. हालचाल बंद, खाणं बंद, शरीराचा खर्च एरवीच्या विश्रांतीपेक्षाही कितीतरी कमी. एक पावसाळा चुकला तर दुसऱ्याची वाट बघायची.

स्पेन्सरना हे कसं कळलं? विचारल्यामुळे कळलं, आणि ज्यानं सांगितलं त्याच्यामागे जाऊन पाहिल्यामुळे कळलं. त्याबद्दल त्यांना श्रेय दिलंच पाहिजे. कारण त्याच वाळवंटी मुलखात त्याच सुमारास दुसरी पद्धतही चालू होती.

१८९६ साली डेव्हिड कार्नेगी नावाचा तरुण साहसी प्रवासी पश्चिम ऑस्ट्रेलियाचं वाळवंट दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघाला. पाणी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, तिथल्या माणसांना माहीत होतं. त्यानं काय केलं? वाटेत दिसलेल्या माणसांना पकडलं, दोरीनं बांधलं, आणि खारवलेलं मांस खायला घातलं, म्हणजे त्यांना इतकी तहान लागेल की ती स्वतःच त्याला पाण्याकडे नेतील. हे आरोप म्हणून आम्ही सांगत नाही. १८९८ च्या 'स्पिनिफेक्स अँड सँड' या पुस्तकात त्यानं स्वतःच लिहिलं आहे. आणि त्याच १८९६ साली कॅल्व्हर्ट मोहिमेतले चार्ल्स वेल्स आणि जॉर्ज जोन्स हे दोघं त्या वाळवंटात तहानेनं मेले. म्हणजे पाण्याचं ज्ञान हा तिथे जीवनमरणाचा मामला होता, हे आपण विसरू नये. पण म्हणूनच आम्हांला कार्नेगीची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या माणसांना नक्की माहीत आहे, यावर त्याचा इतका विश्वास होता की त्यासाठी त्यानं माणसं बांधली. त्यांना ज्ञान आहे हे त्याला पुरतं मान्य होतं. ती आपल्या बरोबरीची ज्ञाती माणसं आहेत, हे मान्य नव्हतं.

आणि स्पेन्सर? इथे इतिहास आपल्याला सोपं उत्तर देत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तारघराचे प्रमुख फ्रँक गिलन यांच्याबरोबर त्यांनी १८९९ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. समाजशास्त्रातला दुर्खीम धर्माची मीमांसा करताना ज्या सामग्रीवर उभा आहे, ती बरीचशी या दोघांनी गोळा केलेली. अरेर्न्टे लोकांच्या विधींचं इतकं बारकाईचं वर्णन आधी कोणी केलं नव्हतं. पण स्पेन्सरच्या लेखी ही माणसं मानवजातीच्या बाल्यावस्थेचा अवशेष होती, आणि नाहीशी होणार होती. १९१२ मध्ये त्यांना नॉर्दर्न टेरिटरीत मूलनिवासींचे मुख्य संरक्षक नेमलं गेलं. वर्षभर त्यांनी ते काम केलं. त्यांच्या अहवालात शिफारस होती, की मिश्र वंशाच्या मुलांना मूलनिवासींच्या वस्तीत राहू देऊ नये. मुलं आयांपासून तोडण्याचं जे धोरण ऑस्ट्रेलियात अनेक दशकं चाललं, त्याला या शिफारशीनं बळ मिळालं. त्या धोरणाबद्दल देशाच्या संसदेत माफी मागितली गेली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

आता विचार करा. कुठे खणायचं, किती खणायचं, बेडूक कसा उचलायचा, पाणी कसं काढायचं, हे ज्ञान या लोकांत कसं उतरलं? बापानं पोराला, आईनं पोरीला दाखवून. ते पुस्तकात नव्हतं. मूल काढून नेलं की ही साखळी तिथेच तुटते. ज्या माणसानं वाटाड्याच्या हाताकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं, त्याच्याच लेखणीतून त्या हातांना त्यांच्या मुलांपासून तोडणारी शिफारस उतरली. आम्ही हे स्पेन्सरना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी सांगत नाही. एखाद्याचं म्हणणं नोंदवून घेणं आणि त्याला जाणकार मानणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं लक्षात यावं म्हणून सांगतो.

पुढचा टप्पा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मूत्राशयातलं पाणी कातडीतून उडून का जात नाही, हा प्रश्न उरला होता. बेडकाची कातडी म्हणजे ओलं फडकं. कोरड्या मातीनं ते तासांत शोषून घ्यायला हवं. १९६७ मध्ये ली आणि मर्सर या दोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचं उत्तर प्रसिद्ध केलं. बेडूक एरवी कात टाकतो, आणि बहुधा ती खाऊनही टाकतो. जमिनीतला हा बेडूक कात सुटी करतो पण टाकत नाही. ती अंगावरच राहते. तिच्याखाली पुन्हा एक थर सुटतो, त्याच्याखाली आणखी एक. असे पापुद्र्यासारखे थर साचून अंगाभोवती एक कोष तयार होतो. फक्त नाकपुड्या मोकळ्या. पाऊस आला की कोष फाडून बेडूक बाहेर. वाळक्या कातड्याची पखाल ही उपमा ज्यानं दिली तो मेलबर्नला गेला नव्हता, आणि आपल्याकडचा बेडूक म्हणजे तिकडचा बेडूकही नव्हे. तरीही हे वाचताना आम्हांला त्या सूक्ताची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

याच गटातल्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन बेडकावरचं काम आम्ही जास्त आपुलकीनं वाचलं. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पडलो आणि पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढलं तेव्हा पोटरी निम्मी झालेली. हा बेडूक महिनोन्‌महिने हलत नाही, खात नाही, आणि वर येतो तेव्हा त्याच्या उडी मारणाऱ्या पायांचे स्नायू जवळजवळ शाबूत असतात. हे कसं होतं यावर शरीरशास्त्रज्ञ काम करत आहेत, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसांशी त्याचा संबंध आहे.

आता आणखी एक प्रश्न. खाली अंधारात बसलेल्या बेडकाला वर पाऊस आलाय हे कळतं कसं? ओल पोचल्यावर कळत असेल, असं आपण म्हणू. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात फावड्यासारख्या पायांचे भेक आहेत, त्यांच्यावर डिमिट आणि रुइबाल यांनी १९८० मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की ओल पोचण्याआधीच हे भेक निघतात. जमिनीवर आदळणाऱ्या पावसाचा दणका, ती खर्जातली थरथर, हाच त्यांचा निरोप. माती कोरडी ठेवून मोटरनं नुसती थरथर दिली तरी ते वर आले. पुढे वाळूत पळणाऱ्या गाड्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजानंही ते फसले असं आढळलं. म्हणजे भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना, साठवलेलं पाणी घेऊन बाहेर. असं बाहेर येणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा प्राणी शब्दप्रमाण मानणारा आहे. डोळ्यांनी पाहता येत नाही, तर्क करण्याइतकी सामग्री नाही, तेव्हा ऐकलेल्यावर विश्वास ठेवून उठायचं. लाखो वर्षं तो आवाज खरं बोलत आला. उठल्यावर घाईही तेवढीच असते. डबकं किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून यांची पिल्लं अंड्यापासून चार पायांपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांतही उरकतात.

मग आपल्याकडचं काय? दख्खनच्या पठारावरही जमिनीत राहणारे बेडूक आहेत, स्फेरोथेका वंशातले. गोलमटोल, आखूड पायांचे, मागच्या पायाला खुरप्यासारखा कठीण उंचवटा. तेही मागे मागे सरकत जमिनीत जातात. २०१७ साली पुण्यातल्या संशोधकांनी पश्चिम घाटाच्या बाजूला आढळणाऱ्या अशा एका बेडकाला स्फेरोथेका पश्चिमा असं नाव देऊन वेगळी जात म्हणून नोंदवलं. म्हणजे आमच्या अंगणातल्या बेडकाची पुरती ओळखही अजून होतेच आहे. आणि अमरकोश उघडला तर बेडकाच्या नावांत वर्षाभू हा शब्द मिळतो. वर्षेत होणारा. 'होणारा' म्हणजे जन्मणारा की प्रकट होणारा, हा घोळ त्या शब्दातही आहेच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन याच्यापुढे एक वाक्य जोडतो, आणि आमच्या मते ते भारतीय तत्त्वज्ञानातल्या धाडसी वाक्यांपैकी एक आहे. तो म्हणतो, आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे अमुक कुळातला म्हणून आप्त, असं नाही. अक्षर येतं म्हणून आप्त, असंही नाही. त्यानं पाहिलंय का, आणि तो खरं सांगतोय का, एवढंच विचारायचं.

आम्ही हे वाक्य तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. परीक्षेत त्यावर प्रश्न घातले. पण ते आमच्या अंगाला लागलं ते वर्गात नव्हे.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आम्ही तेव्हा पदवीचं शिक्षण संपवून गावी आलो होतो आणि दुष्काळी कामावर हजेरी लिहीत होतो. पाझर तलावाचं काम चालू होतं. ऊन मी म्हणत होतं. एका बाईच्या कुदळीबरोबर मातीचं ढेकूळ निघालं आणि त्यात बेडूक. डोळे मिटलेला, मातीच्याच रंगाचा, आधी वाटलं मेलेला आहे. बाईनं तो तळहातावर घेतला, बोटानं जरा हलवला. त्यानं पाय आखडला. ती शांतपणे म्हणाली, "जिता हाय." आणि काम चाललं होतं त्याच्या बाहेर, बांधाच्या सावलीला, तिनं हातभर उकरून त्याला परत पुरला. तिला त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. हजेरी लिहिणारा शिकलेला मुलगा आ वासून बघतोय, याचंच तिला हसू आलं असावं.

आबा त्याच्या दोन वर्षं आधी वारले होते.

आबांनी पाहिलं होतं. जसं पाहिलं तसं सांगितलं होतं. आप्ताच्या दोन्ही अटी पुऱ्या होत्या. गुरुजींचं अनुमान काही मूर्खाचं नव्हतं, हवा-पाण्याचा विचार त्यात होता. पण एकीकडे नांगरामागे चालून डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि दुसरीकडे खुर्चीवर बसून केलेला तर्क होता, आणि आम्ही तर्काची बाजू घेतली. का घेतली? तर्क जास्त पटला म्हणून नव्हे. गुरुजी खुर्चीवर होते आणि आबा गोठ्यात होते, म्हणून घेतली. आणि मग जाऊन ते आबांना सांगितलं, हे त्याहून वाईट. त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं, की आबा, पुढच्या वेळी नांगराला लागला तर मला हाक मारा. ते म्हणायचं राहून गेलं.

आजही दुष्काळी भागात पाण्याची, मातीची, पावसाची पुष्कळ माहिती अशाच माणसांकडे आहे, ज्यांचं नाव कुठल्याही अहवालात येत नाही. तुमच्यापैकी जे तरुण मित्र पाण्यावर, शेतीवर, वन्यजीवांवर काम करतात, त्यांना आमची विनंती आहे. जो दाखवतो त्याचं नाव विचारून घ्या, आणि लिहा. त्याचं म्हणणं चुकू शकतं, ते तपासाच. पण तपासायचं म्हणजे त्याच्याबरोबर जाऊन खणायचं.

मृग जवळ आला आहे. पहिल्या पावसाच्या रात्री खिडकी उघडी ठेवा.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.